पुण्यातला २८ लाखांचा पगार आणि श्टुटगार्टचे ६६,००० युरो: तुलना नेमकी कशाची करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वाकडला राहता, सीटीसी २८ लाख, हातात महिन्याला १,६५,००० येतात. जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या कंपनीने वर्षाला ६६,००० युरो देऊ केलेत. घरी पत्नी आणि चार वर्षांची मुलगी, सांगलीला आई-वडील, आणि वाकडच्या फ्लॅटचा ३८,००० चा हप्ता चालू. खर्चाची तुलना करणाऱ्या एका संकेतस्थळावर श्टुटगार्ट पुण्याच्या कित्येक पट महाग दिसलं, म्हणून तुम्ही विचारताय की ६६,००० पुरतील का आणि ते पुण्यातल्या किती लाखांच्या बरोबरीचे.

यातल्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नाही, आणि गडबड नेमकी तिथेच होते. त्या संकेतस्थळांवरचा आकडा एका ठरावीक यादीचा असतो: एक लिटर दूध, एक किलो टोमॅटो, सिनेमाचं तिकीट, हॉटेलातलं जेवण. दोन्ही शहरांत माणूस त्याच वस्तू तितक्याच घेतो असं त्यात गृहीत धरलेलं आहे. प्रत्यक्षात देश बदलला की घराची यादीच बदलते. पुण्यात पोळ्यांना मावशी असतात, तिथे नसतात. पुण्यात मुलीच्या शाळेची फी असते, तिथली सरकारी शाळा फुकट असते. तिथे थंडीत घर गरम ठेवण्याचा खर्च असतो, जो इथे कुणाच्या वहीत नसतो. तेव्हा शहराची शहराशी तुलना सोडा. तुमच्याच घराचा पुण्यातला महिना आणि तिथला महिना शेजारी मांडा आणि महिनाअखेर हातात काय उरतं ते बघा. असे तक्ते मी नेहमी करून देते. त्याची पद्धत आणि तुमच्या आकड्यांवरचा एक अंदाज खाली देते. १ युरो = १०० रुपये धरला आहे. दर थोडा पुढेमागे असतो, पण डोक्यात हिशेब करायला हा बरा.

आधी पगार. सीटीसी आणि जर्मन 'ब्रुटो' (कर आणि विमा कापण्याआधीचा पगार) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या २८ लाखांत कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, बहुधा व्हेरिएबलही धरलेलं आहे. जर्मनीच्या ६६,००० मध्ये कंपनीने भरायचा सामाजिक विम्याचा वाटा धरलेला नसतो, तो वरून असतो. म्हणून २८ लाख आणि ६६ लाख शेजारी ठेवून 'दुपटीपेक्षा जास्त' म्हणण्यात अर्थ नाही. हातात येणारी रक्कमच घ्या.

६६,००० म्हणजे महिन्याला ५,५००, पण पगार बारा भागांत मिळतो की तेरा, हे करारात बघा. काही कंपन्या तेरावा पगार नोव्हेंबरात देतात, मग दर महिन्याचा आकडा लहान होतो आणि भाडं मात्र दर महिन्याला तेवढंच असतं. २०२६ च्या दरांनी ५,५०० मधून निवृत्तिवेतन ९.३ टक्के, बेरोजगारी विमा १.३, आरोग्य विमा साधारण ८.७५ आणि शुश्रूषा विमा १.८ टक्के जातात. मिळून सुमारे १,१६० युरो. उरलेला प्रश्न आयकराचा, आणि तो तुमच्या 'कर-वर्गा'वर ठरतो. पत्नी तिथे राहायला आली, नोंदणी झाली आणि ती कमवत नसेल, तर वर्ग तीन घेता येतो. हातात साधारण ३,८२० येतात. एकट्याने राहिलात तर वर्ग एक, आणि हातात ३,४०० च्या आसपास. म्हणजे चारशेहून जास्त युरोंचा फरक एकट्या वर्गाचा.

इथे दोन गोष्टी लोकांच्या नजरेतून सुटतात. एक, जोडप्याची नोंदणी झाली की आपोआप वर्ग चार लागतो. तीन-पाचची जोडी (तुम्हाला तीन, पत्नीला पाच) अर्ज करून मागावी लागते. दोन, तुम्ही ऑगस्टमध्ये गेलात आणि पत्नी डिसेंबरात पोचली, तरी दोघांचं त्या वर्षाचं विवरणपत्र एकत्र भरता येतं आणि आधीच्या महिन्यांत जास्त कापलेल्या कराचा बराच भाग परत मिळतो. मात्र तिचा भारतातला पगार कराचा दर ठरवताना विचारात घेतला जातो. तीच जानेवारीत पोचली तर आधीच्या वर्षाचा हा फायदा गेला. तिकिटं काढताना हे लक्षात ठेवा.

पत्त्याच्या नोंदणीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचा सदस्य म्हणून नोंद झाली की बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये, म्हणजे श्टुटगार्टच्या राज्यात, आयकराच्या ८ टक्के चर्च-कर लागतो. तुम्हाला तो प्रश्न नसेल, पण वसई-गोव्याकडच्या वाचकांनी जाण्याआधी विचार करून ठेवावा.

मुलीसाठी 'किंडरगेल्ड' म्हणजे मुलांचा सरकारी भत्ता मिळतो, २०२६ मध्ये महिन्याला २५९ युरो. तो पगाराबरोबर येत नाही, वेगळा अर्ज करावा लागतो, आणि उशीर केलात तर मागचे सहाच महिने मिळतात. तर जमेची बाजू: ३,८२० अधिक २५९, म्हणजे अंदाजे ४,०८०.

आता खर्च. गेल्या बारा महिन्यांचं बँकेचं आणि यूपीआयचं स्टेटमेंट काढा. तीन महिन्यांचं पुरत नाही, कारण शाळेची फी, गाडीचा विमा, गणपती, दिवाळी, गावी जाणं हे सगळं वर्षातून एकेकदाच येतं आणि तेच खर्च मोठे असतात. मग प्रत्येक ओळीपुढे चारपैकी एक खूण करा: जाणारा खर्च, राहणारा पण वेगळ्या किमतीचा खर्च, नव्याने येणारा खर्च, आणि भारतातच मागे उरणारा खर्च. चौथ्या प्रकाराबद्दल कुठलंच संकेतस्थळ काही सांगत नाही, आणि तुमचा निर्णय बहुतांशी त्याच्यावरच अवलंबून आहे.

तुमच्या वर्णनावरून पुण्याचा महिना मी असा धरते: हप्ता ३८,०००, सोसायटीचा मेंटेनन्स ४,०००, आई-वडिलांना १५,०००, शाळा महिन्यावर वाटून १०,०००, मावशी आणि स्वयंपाकाच्या बाई मिळून ९,०००, किराणा-दूध-भाजी १८,०००, वीज आणि गॅस ३,५००, इंटरनेट-मोबाइल २,०००, गाडीचं पेट्रोल-विमा-सर्व्हिसिंग १०,०००, बाहेर खाणं आणि सहली १२,०००, कपडे-औषधं-किरकोळ १२,०००. बेरीज १,३३,५००. उरतात ३१,५००. शिवाय पीएफमध्ये तुमचे आणि कंपनीचे मिळून बावीसएक हजार दर महिन्याला जमा होतात, ते विसरू नका. हप्ता आणि पगार सोडून यातले आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. तुमचे खरे घाला.

श्टुटगार्टकडे वळू, आणि तिथे बराच वेळ घराजवळच थांबावं लागेल, कारण सगळ्या खर्चाच्या जवळजवळ निम्मा तोच आहे.

जर्मन जाहिरातीत '३ खोल्या' म्हणजे हॉल धरून तीन. स्वयंपाकघर आणि बाथरूम मोजत नाहीत. म्हणजे तो तुमचा टू बीएचके. बरेच जण '२ खोल्या' बघून टू बीएचके समजतात आणि स्वस्त वाटलं म्हणून खूश होतात. दुसरं, जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा काल्टमीटंचा असतो, म्हणजे नुसत्या जागेच्या भाड्याचा. त्यावर पाणी, कचरा, जिन्याची सफाई, मालमत्ता कर, हीटिंग असं सगळं मिळून दर महिन्याला आगाऊ रक्कम द्यावी लागते. दोन्ही मिळून होते ती वार्ममीटं. आपल्या कामाची तीच. श्टुटगार्टमध्ये नव्याने भाड्याने घेताना चौरस मीटरला १५ ते १७ युरो काल्टमीटं धरून चाला. ७५ चौरस मीटरचं घर १६ ने १,२०० झालं. त्यावर हीटिंगसकट २८० धरा. वार्ममीटं १,४८०. एस्लिंगेन, लुडविग्सबुर्ग, बोबलिंगेन अशा आजूबाजूच्या गावांत थोडं कमी पडतं आणि एस-बानने, म्हणजे लोकलने, येता येतं, पण फार स्वस्त मिळेल या आशेवर राहू नका. ते सगळे मोटार कंपन्यांचे आणि त्यांच्या पुरवठादारांचे पट्टे आहेत.

ते २८० अंदाजाने घेतलेले असतात. वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत घरमालक खरा हिशेब पाठवतो आणि फरक भरायला लावतो किंवा परत करतो. पहिल्या हिवाळ्यात आपली मंडळी घरात टी-शर्टवर बसता येईल इतका हीटर ठेवतात आणि खिडकी अर्धी उघडी ठेवतात. हिशेब येतो तेव्हा चार-पाचशे युरो एकदम भरायला लागतात. खिडकी दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटं पूर्ण उघडायची आणि मग बंद करायची, हीच तिथली रीत. भिंतीला बुरशी लागू नये म्हणूनही ती पाळावी लागते, नाहीतर अनामत परत मिळताना तो वाद होतो. घर बघायला गेलात की ऊर्जेचा दाखला मागा आणि पाणी कशावर तापतं ते विचारा. विजेच्या तत्काळ गीझरवर तापत असेल तर हीटिंगचा आकडा लहान दिसतो आणि विजेचं बिल फुगतं.

वीज वेगळी, तुमच्या नावावर. युनिटला ३५ ते ४० सेंट पडतात. तीन माणसांना वर्षाला अडीच-तीन हजार युनिट लागतात, कारण शेगडीही बहुधा विजेचीच. महिन्याला ८५ धरा.

आणि स्वयंपाकघर. रिकामं घर म्हणजे तिथे खरोखर रिकामं: अनेक घरांत ओटा, सिंक, शेगडी काहीच नसतं, छताला दिव्याऐवजी वायरी लोंबतात. आधीचा भाडेकरू त्याचं किचन विकत देत असेल तर ते घेणं बहुधा फायद्याचं, पण वस्तू बघून, लिहून घेऊन. नवं बसवायचं तर साधंही तीन हजारांच्या खाली क्वचित जातं. मी तक्त्यात जुन्यासाठी २,००० धरते.

किराण्याचं लोक जास्त मनाला लावून घेतात. तिथे फरक वाटतो त्याहून कमी आहे. दूध लिटरला एक ते सव्वा युरो, कांदे-बटाटे किलोला दीडच्या आत, टोमॅटो हंगामाप्रमाणे दोन ते तीन. कणीक, तूरडाळ, पोहे, शेंगदाणे भारतीय दुकानातून आणावे लागतात. १० किलो कणकेला बारा ते सोळा युरो लागतात. भेंडी, वांगी, मेथी, कोथिंबीर यांसाठी भारतीय दुकानाऐवजी तुर्की दुकान बघा, तिथे जुडी मोठी आणि भाव कमी. भेंडी तरी महागच, आठवड्यातून दोनदा खायची भाजी ती राहत नाही. पनीर घरी करणं परवडतं, कारण दूध स्वस्त आहे. पाणी नळाचंच प्यायचं, म्हणजे प्युरिफायर आणि त्याचा वार्षिक करार दोन्ही गेले. किराणा आणि साबण-पावडर मिळून तिघांना ५०० धरा. चिकन-मासे रोजचे असतील तर शंभर वाढवा. सुरमई-पापलेट भारतीय किंवा आशियाई दुकानात गोठवलेलंच मिळतं.

बाकीचं भराभर सांगते. इंटरनेट आणि दोन सिम मिळून ६०. सार्वजनिक प्रसारणाची वर्गणी प्रत्येक घराला महिना १८.३६, टीव्ही असो वा नसो. ती तीन महिन्यांची एकदम कापतात. 'डॉइचलांड-टिकिट', म्हणजे देशभरच्या लोकल वाहतुकीचा मासिक पास, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो, दोघांचे १२६. सहा वर्षांखालचं मूल फुकट. कंपनी जॉब-टिकिट, म्हणजे नोकरदारांसाठीचा पास, देते का विचारा, त्यात सूट असते. मुलीच्या किताचे म्हणजे बालवाडीचे जेवणासकट २५० बाजूला ठेवा. बर्लिनमध्ये किता फुकट आहे, बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये नाही, आणि फी संस्थेप्रमाणे, तासांप्रमाणे बदलते. दुसऱ्याला झालेल्या नुकसानीची भरपाई देणारा हाफ्टफ्लिश्ट विमा आणि घरातल्या सामानाचा विमा मिळून महिन्याला १५. पहिला नक्की घ्या. सक्तीचा नाही, पण भाड्याच्या घरात मुलीने काच फोडली की त्याची किंमत कळते. कपड्यांना १२० (मूल वाढतं, आणि हिवाळी बूट दरवर्षी नवे लागतात), बाहेर खाणं आणि फिरणं २५०, चष्मा-दात-औषधं ४०, किरकोळ १००.

आणि भारतवारी. हा खर्च लोक सुट्टीच्या खात्यात टाकतात आणि मग 'या वर्षी जमलं नाही' म्हणतात. आई-वडील सांगलीत असताना तो सुट्टीचा खर्च नव्हेच. शाळेच्या सुट्टीत किंवा डिसेंबरात तिघांची तिकिटं अडीच-तीन हजारांच्या घरात जातात. महिन्याला २५० बाजूला ठेवा.

एकूण बेरीज ३,२९४ युरो. ४,०८० मधून उरतात सुमारे ७८५. इथे बहुतेक लोक थांबतात, ७८५ ला शंभराने गुणतात, '७८ हजार बचत, पुण्यात तर ३१ होती' म्हणतात आणि ऑफर स्वीकारतात.

चौथा प्रकार अजून बाकी आहे. वाकडचा हप्ता ३८,००० चालूच राहणार. मेंटेनन्स ४,००० चालू. आई-वडिलांचे १५,००० चालू, आणि तुम्ही जवळ नसल्यावर ते वाढायची शक्यता जास्त: दवाखान्यात न्यायला गाडी लागते, घरकामाला कुणी लागतं. शिवाय एक नवी ओळ येते. आई-वडील आज तुमच्या कंपनीच्या गटविम्यात असतील तर राजीनाम्याबरोबर तो संपतो. साठी-पासष्टी पार केलेल्यांना नवी वैयक्तिक पॉलिसी घ्यायची तर हप्ता मोठा आणि आधीपासूनच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून राजीनामा देण्याआधी, गटविमा चालू असतानाच, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते एचआरकडून लेखी विचारा. तसं जमलं तर आधी पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ धरला जातो. दोघांचे महिन्याला ६,००० धरते. वय आणि आजार बघून हे दुप्पटही होतील.

फ्लॅट भाड्याने दिलात तर २८,००० येतील असं म्हणू. पण तुम्ही अनिवासी झालात की भाडेकरूला भाड्यातून ३१.२ टक्के कर कापून भरावा लागतो. हातात १९,२६४ येतात. विवरणपत्र भरून जास्तीचा परत मिळतो, पण वर्षभराने. कमी दराने कापण्याचा दाखला आयकर खात्याकडून आधीच काढता येतो, तो काढा. बरेच भाडेकरू या कटकटीला नको म्हणतात, म्हणून फ्लॅट दोन महिने रिकामा राहील हेही धरून ठेवा.

आता या प्रकाराची बेरीज: ६३,००० जाणार, १९,२६४ येणार, म्हणजे ४३,७३६ रुपये दर महिन्याला युरोतून पाठवायचे. ४३७ युरो. ७८५ मधून ते गेले की उरतात साधारण ३५०. रुपयांत ३५,०००.

पुण्यात ३१,५०० उरत होते आणि पीएफचे २२,४०० वेगळे जमत होते. तिथे ३५,००० उरतील आणि जर्मन निवृत्तिवेतनात भर पडेल. ती भर वाया जात नाही, भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू असल्याने दोन्हीकडची वर्षं पात्रतेसाठी एकत्र धरता येतात. पण तो पैसा आज हाताशी नाही, म्हणून बचतीत धरू नका. थोडक्यात, एका पगारावर तुमचा महिना जवळजवळ बरोबरीत सुटतो. ६६,००० पुरतात का? पुरतात, चांगले पुरतात. पैसे साठवायला म्हणून जात असाल तर एका पगारावर ते होत नाही.

त्यात जाण्याचा एकरकमी खर्च आहे. पहिले दोन महिने सामानासकट तात्पुरतं घर, २,००० प्रमाणे ४,०००. किचन २,०००. गाद्या, पलंग, दिवे, वॉशिंग मशीन २,५००. एका बाजूची विमानाची तिकिटं १,२००, व्हिसा-भाषांतरं-परवान्यांचे शुल्क ६००, थंडीचे कपडे ६००. मिळून १०,९००. यावर अनामत तीन महिन्यांची काल्टमीटं म्हणजे ३,६००, ती घर सोडताना परत मिळते. कायद्याने तीन महिन्यांहून जास्त मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देता येते. घरमालक एकदम मागतात, तेव्हा हे माहीत असलेलं बरं. तर जाताना हाताशी साडेचौदा लाख हवेत, आणि न परतणारे १०,९०० महिन्याला ३५० ने भरून निघायला अडीच वर्षांहून जास्त लागतात. दोन वर्षं राहून परत येऊ असा बेत असेल तर निव्वळ पैशाच्या हिशेबात हा व्यवहार तोट्याचा आहे. तिथला अनुभव, मुलीची भाषा, कामाचे तास याची किंमत तुम्ही ठरवा, ती माझ्या तक्त्यात नाही.

हा तक्ता कशाने फिरतो ते आता बघा. सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही लिहिलेलीच नाही: पत्नी नोकरी करते का? ती पुण्यात ६०,००० आणत असेल तर वर धरलेली पुण्याची बचत जवळजवळ तिप्पट होते आणि श्टुटगार्ट सरळसरळ मागे पडतं. उलट, ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना) असलेल्याच्या जोडीदाराला तिथे कुठलीही नोकरी करायची मुभा असते. तिने वर्षाला ३६,००० युरोंची नोकरी धरली तर घरात महिन्याला साधारण १,६५० ची भर पडते आणि चित्र पालटतं. पण त्याच्या आड दोन गोष्टी येतात. एक भाषा: सॉफ्टवेअर सोडलं तर बी-वन, बी-टू म्हणजे मधल्या पातळीच्या जर्मनशिवाय बहुतेक दारं बंदच. दुसरी किताची जागा. वर्षावरच्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे, तरी प्रतीक्षायादी महिनोन् महिने चालते. पत्ता मिळाला त्याच आठवड्यात नाव नोंदवा आणि पहिल्या वर्षात दुसरा पगार धरू नका. मुलगी सहा वर्षांची झाली की शाळा फुकट, पण दुपारनंतरच्या वेळेचे पैसे पुन्हा वेगळे.

गाडी. माझ्या तक्त्यात ती नाही, आणि पहिलं वर्ष ती नसावी असं माझं मत आहे. भारतीय परवाना राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतो, नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात आणि ड्रायव्हिंग स्कूलसकट ते हजार-दोन हजार युरोंत जातं. नव्या माणसाला विम्याचा दरही वरचा लागतो. श्टुटगार्टात एस-बान आणि श्टाटबान (शहरातली ट्रामसारखी रेल्वे) नीट आहेत, तोवर त्यावर भागतं.

जाणाऱ्या खर्चांच्या प्रकारातही एक फसवं प्रकरण आहे: माणसाच्या श्रमाची किंमत. मावशींचे ९,००० वाचले असं तक्ता म्हणतो, पण काम संपत नाही, ते तुमच्या दोघांच्या संध्याकाळी आणि शनिवारी जातं. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणजे शनिवार सकाळ बाजारात. घरकामाला बाई ठेवायची तर तासाला पंधरा-वीस युरो, कारण २०२६ चं किमान वेतनच १३.९० आहे. नळ गळला तर प्लंबरची फेरी आणि तास मिळून शंभराच्या वर जातात. दार ओढलं गेलं आणि किल्ली आत राहिली, तर रात्री येणारा किल्लीवाला याहून महाग. जिथे माणूस लागतो ते महाग, जिथे कारखान्यातून वस्तू येते ते स्वस्त किंवा आपल्याइतकंच. यंत्रं, सायकली, मुलांचे कपडे, चीज, चॉकलेट याबाबत तर पुणेच महाग वाटेल. दोन्ही पालकांचे तास आधीच भरलेले असतील तर हे नीट बोलून घ्या.

आरोग्याबद्दल एवढंच की सरकारी आरोग्य विम्यात न कमावती पत्नी आणि मूल जास्तीचा हप्ता न भरता येतात. डॉक्टरला पैसे द्यावे लागत नाहीत, मोठ्यांच्या औषधामागे पाच ते दहा युरो, इस्पितळात दिवसाला १०. तज्ज्ञाच्या भेटीला मात्र आठवडे थांबावं लागतं. पुण्यातल्यासारखं संध्याकाळी जाऊन दाखवून आलो असं होत नाही. म्हणून दाताची आणि चष्म्याची कामं निघण्याआधी इथेच उरकून घ्या.

आकडे तपासायचे कसे? भाड्याच्या जाहिराती इम्मोस्काउट-२४ वर रोज आठवडाभर बघा, वार्ममीटं लिहून काढा, सगळ्यात स्वस्त तीन आणि महाग तीन सोडून मधला आकडा घ्या. बाजारापेक्षा फारच स्वस्त आणि 'मालक परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो' अशी जाहिरात दिसली की पुढे जा. घर न बघता पैसे भरणाऱ्यांच्या अनामतीच सगळ्यात जास्त बुडतात. किराण्याचे भाव रेवे या सुपरमार्केटच्या संकेतस्थळावर आणि आल्डी-लिडलच्या साप्ताहिक पत्रकांत मिळतात. तुमचीच पुण्याची महिन्याची यादी घेऊन ते भरा. हातात येणारा पगार 'ब्रुटो-नेटो' गणकावर चालू वर्ष, वर्ग आणि मूल घालून काढा.

हे झाल्यावर कंपनीशी बोला, आणि पगारात दोन हजार वाढवून मागण्याआधी जरा थांबा. वर्षाला २,००० वाढले तर कर आणि विमा जाऊन हातात महिन्याला नव्वद-शंभरच पडतात. त्याऐवजी तीन महिन्यांचं तात्पुरतं घर, तिघांची तिकिटं, घर शोधून देणारी सेवा आणि पत्नीच्या जर्मन वर्गाची फी मागा. पगारवाढ त्यांना दरवर्षी द्यावी लागते, हा खर्च एकदाच येतो, आणि तुमच्या १०,९०० मधले पाच-सहा हजार कमी होतात. हे सगळं ऑफर लेटरमध्ये रकमेसकट लिहून घ्या. लवकर नोकरी सोडली तर किती परत करावं लागेल, हे कलमही त्याच कागदावर वाचून ठेवा.